तांदळात लिहिलेलं नाव

कारखान्याच्या दाराशी छाटणीची यादी लागली, त्या दुपारी अणिमाने सुनीतीला 'सुनीतीदी' अशी हाक मारली.

वरवर पाहता यात काही नव्हतं. सुनीती टिपणीस हेच तिचं नाव, आणि वयाने मोठ्या बाईच्या नावापुढे 'दी' लावायची बंगाल्यांची रीतच आहे. पण समोरच्या टेबलावर बसून गेली सात वर्षं अणिमा तिला 'प्रेमदी' म्हणत आली होती. सुनीती यादी वाचून जागेवर येऊन बसली तेव्हा अणिमा चिठ्ठ्यांना टाचण्या लावत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "सुनीतीदी, चहा आलाय. निवतोय."

यादीतल्या स्वतःच्या नावाआधी सुनीतीला हे लागलं. का लागलं, ते कळायला मात्र दोन महिने गेले.

कारखाना कलकत्त्यात, खिदिरपूरच्या गोदीजवळ होता. जहाजांना लावायचे रंग तिथे होत. जवसाच्या तेलाचा तो वास रविवारी न्हायल्यावरसुद्धा केसांतून जात नसे. माल पाठवायच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या खोलीत आता या दोघीच बायका उरल्या होत्या. मागणी घटली म्हणून चौपन्न सालच्या डिसेंबरात बावीस जणांना एक महिन्याची नोटीस मिळाली. त्यात या खोलीतली एकच होती : सुनीती टिपणीस, कामावर रुजू १३ मार्च १९५०.

तारीख चूक होती. ती रुजू झाली होती पंचेचाळीसच्या जुलैत, वडील श्यामराव सबनीस गार्डन रीचला रेल्वेच्या हिशेब खात्यात होते तेव्हा. लढाई चालू होती, माणसं मिळत नव्हती, म्हणून मॅट्रिक झालेल्या मुलीलाही कारखान्याने घेतलं.

नव्या कायद्याने छाटणी झालेल्याला नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळायचा. दहा वर्षं धरली तर पाच महिन्यांचा, पाचच धरली तर अडीच. आणि टायपिंग-शॉर्टहँडचा वर्ग सहा महिन्यांचा होता. ते शिकल्याशिवाय दुसरीकडे कुणी उभं करणार नव्हतं. पाच महिन्यांचा पगार पुरवून पुरवून बालीगंजमधली भाड्याची खोली राहिली असती, वर्ग पुरा झाला असता. अडीच महिन्यांत ते होण्यासारखं नव्हतं. मग चार वर्षांच्या वृंदाला घेऊन नागपूरला दिनकरमामांकडे जायचं. मामांनी पत्र पाठवलंच होतं, 'या, घर तुमचंच आहे.' त्या घरात मामींच्या हाताखाली एक विधवा आतेनणंद होती. सबंध दिवस ती स्वयंपाकघरात असायची आणि तिच्याशी कुणी बोलत नसे. सुनीतीने ते पाहिलं होतं.

ती कंपनीच्या साहेबांकडे गेली. साहेब नवे, तरुण, सभ्य होते. त्यांनी कपाटातून दोन कार्डं काढून तिच्यासमोर ठेवली.

एकावर लिहिलं होतं, 'प्रेमलता सबनीस. रुजू २ जुलै १९४५. राजीनामा ११ मार्च १९५०.' दुसऱ्यावर तिचं.

"या दोघी मीच आहे," सुनीती म्हणाली.

"मिसेस टिपणीस," साहेब म्हणाले, "आडनाव बदललेल्या बायका मी पाहिल्यात. पण इथे नावही वेगळं, आडनावही वेगळं, आणि राजीनाम्यावर सही आहे."

सही तिचीच होती.

* * *

तो मार्चातला सोमवार तिला लख्ख आठवत होता. वडील वर्षापूर्वी गेले होते, आई तर त्याच्याही आधी, म्हणून लग्न नागपूरला मामांच्या दारात झालं. चारुदत्त टिपणीस खिदिरपूरच्याच कस्टम्समध्ये कारकून. लग्नानंतर लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट पुढे आलं, आणि त्याने बोटातल्या अंगठीने तांदळात चार अक्षरी 'प्रेमलता' नव्हे, तीन अक्षरी नवं नाव काढलं. कुणाला आधी सांगितलं नव्हतं. सगळ्या बायका ताटावर वाकल्या. प्रेमलतेने वाचलं 'सुनीती', आणि तिच्या मनात पहिल्यांदा आलं, ही कोण? संध्याकाळी तेच तांदूळ कुणीतरी डब्यात ओतून टाकले.

हातभर हिरव्या बांगड्या घालून ती कामावर परतली तेव्हा बडबाबू म्हणजे मुख्य कारकून भूपतीबाबू चष्म्यावरून बघतच राहिले.

"आडनाव बदलतं हे ठाऊक आहे. तुमच्याकडे मुलगीच बदलतात की काय?"

"आमच्यात सासरी नवं नाव ठेवतात, बाबू."

"आणि जुन्याचं काय करतात?"

"माहेरी राहतं."

"बरं आहे. म्हणजे माहेरच्या मुलीचा पगार मी तिकडे पाठवू?" खोलीतले सगळे हसले. मग भूपतीबाबू रजिस्टर उलटून म्हणाले, पूर्ण नाव बदलायला कंपनीच्या बड्या ऑफिसची परवानगी लागेल, तीन महिने कागद फिरेल, तोवर पगार अडकेल. त्यापेक्षा सोपं म्हणजे प्रेमलता सबनीसने शनिवारी राजीनामा दिला, सुनीती टिपणीस सोमवारी लागली. मधे नुसता रविवार. पगार तोच, टेबल तेच. "कर सही. दोन्हीकडे."

तिने दोन्हीकडे केली. नव्या नवरीच्या हौसेने, दुसरी सही जरा मोठीच केली. तेव्हा नवा कायदा नव्हता, वर्षं मोजायची वेळ येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. अणिमा दोनच वर्षांपूर्वी लागलेली, पूर्व बंगालातून घरदार सोडून आलेली, तेव्हा एकोणीस वर्षांची. ती कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानातून संदेश घेऊन आली. अर्धे संदेश प्रेमलतेच्या निरोपाचे आणि अर्धे सुनीतीच्या स्वागताचे. अँग्लो-इंडियन टायपिस्ट मुलीने निरोपाचं गाणं म्हटलं. अणिमा म्हणाली, "मी नाही हं नवं नाव घेणार. सुनीती माझ्या आत्याचं नाव आहे, फार खाष्ट बाई. तू प्रेमदीच."

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा चारुदत्त पोट धरून हसला. "म्हणजे नाव मी दिलं आणि नेमणूक भूपतीबाबूंनी केली!"

बावन्न सालच्या जुलैत चारुदत्त तापाने गेला. नऊ दिवस ताप, दहाव्या दिवशी नाहीच.

त्यानंतर 'सुनीती' म्हणणारं कुणी उरलं नाही. घरमालकीण माशीमा बंगाली रीतीप्रमाणे तिला 'वृंदाची आई' म्हणत. ऑफिसात ती मिसेस टिपणीस. वृंदा दिवसभर माशीमांजवळ राहून बंगालीच जास्त बोलायची, आणि संध्याकाळी 'आई' म्हणायची तेसुद्धा दारातून दोन हाका बंगालीत मारून झाल्यावर. नावाने हाक मारणारी एकटी अणिमा होती. दिवसातून चार-पाचदा तरी, टाचणी हवी असली की, पाऊस आला की, "प्रेमदी, बघ ना."

* * *

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी नोकरी संपली. कंपनीने अडीच महिन्यांचा पगार देऊ केला. तो न घेता सुनीतीने सरकारी कामगार कचेरीत अर्ज केला. तिथे मजुमदार नावाचे वयस्क समेट अधिकारी होते. टेबलावर पानाचा डबा, मागे फायलींची भिंत. त्यांनी अर्ज शांतपणे वाचला.

"या दोन बायका एकच आहेत, याला पुरावा?"

तिने लग्नपत्रिका पुढे केली. त्यांना मराठी येत नव्हतं, तिने बोट ठेवून वाचून दाखवलं. 'चि. सौ. कां. प्रेमलता' आणि 'चि. चारुदत्त'.

"सुनीती कुठे आहे?"

"पत्रिकेत नसते. लग्नात ठेवतात ना नाव."

"ते कुठे लिहिलं होतं?"

"तांदळात," ती म्हणाली.

मजुमदारबाबूंचा हात पानाच्या डब्यावरच थांबला. ते हसले नाहीत, हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. "आणि ते तांदूळ?"

"शिजवले असतील."

मामांनी आपणहून एक पत्र लिहून पाठवलं होतं, 'आमची प्रेमा हीच सुनीती.' मजुमदारबाबूंनी तेही फायलीला लावलं, पण म्हणाले, नातलगाचा शब्द कंपनी मानणार नाही. इथला, नात्याबाहेरचा, दोन्ही नावांनी ओळखणारा एक माणूस आणा. एकच पुरे.

एकच माणूस. ती ट्राममध्ये बसून आठवू लागली. भूपतीबाबू त्रेपन्नमध्ये वारले. टायपिस्ट मुलगी आई-बापांसह ऑस्ट्रेलियाला गेली. वडिलांबरोबरची रेल्वेची मराठी घरं एकेक करून बदलीने पांगली. कुणी बिलासपूरला, कुणी मद्रासला. गणपतीत शंभर पानं उठायची, पण दर तीन वर्षांनी माणसं नवी. तिला फ्रॉकमध्ये पाहिलेलं आता कुणी नव्हतं.

तरी ती बालीगंजमध्येच राहणाऱ्या मालतीबाईंकडे गेली. त्यांचे यजमान बँकेत होते. दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले.

"अहो, मी तुम्हाला सुनीती म्हणूनच ओळखते," मालतीबाई कळवळून म्हणाल्या. "न पाहिलेलं कसं लिहून देऊ? यांची बँकेतली नोकरी. चकली घ्या ना."

सुनीतीने चकली घेतली. मग मालतीबाई एकदम म्हणाल्या, "माझं माहेरचं नाव विमल. इथे आल्यापासून कुणाला सांगायची वेळच आली नाही. आज तुमच्यामुळे तोंडातून निघालं." आणि उगीचच पदराने कोरडं टेबल पुसू लागल्या.

राहिली अणिमा. खरं तर पहिल्यापासून तीच होती. पण सुनीती तिचं नाव मनात मागे मागे सारत होती, का ते तिचं तिलाही उमगत नव्हतं. कारखान्याच्या दाराशी ती दोन संध्याकाळी जाऊन उभी राहिली. दोन्ही वेळा अणिमा दुसऱ्या दाराने गेली.

पुढच्या तारखेला तिने मजुमदारबाबूंना सांगितलं, एक बाई आहे, पण ती मला टाळते.

"त्या खोलीतली? कधी लागली ती?"

"अठ्ठेचाळीसमध्ये."

मजुमदारबाबूंनी चष्मा काढला. "मिसेस टिपणीस, कायद्यात आणखी एक कलम आहे. छाटणी करताना शेवटी आलेल्याला पहिल्यांदा काढायचं. तुमच्या कार्डावर पन्नास साल, म्हणून तुम्हाला काढलं. तुम्ही पंचेचाळीसपासून आहात असं ठरलं तर त्या खोलीत शेवटी आलेलं कोण?"

खालच्या रस्त्यावर कुणीतरी काचेच्या बांगड्या विकत चाललं होतं. ती हाक हळूहळू पार लांब गेली.

"युनियनकडे गेलात तर ते नोकरीसुद्धा परत मागतील," मजुमदारबाबू म्हणाले. "मिळेलच असं नाही. पण मागता येईल. तुम्हाला काय हवंय ते ठरवून या."

तिला आता कळलं. ज्या दुपारी यादी लागली त्या दुपारीच अणिमाला हे कळलं होतं. तिचा भाऊ दुसऱ्या कारखान्यात युनियनचं काम करायचा, कायदा घरात बोलला जायचा. 'सुनीतीदी' ही हाक तिने विचार करून मारली होती.

* * *

रविवारी वृंदाला घेऊन ती जादवपूरपलीकडच्या निर्वासितांच्या वसाहतीत गेली. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौलं, दारात लावलेला पुदिना. अणिमाची आई चुलीपाशी बसली होती. तिने वृंदाला मुरमुरे दिले आणि जवळ बसवून घेतलं. भाऊ खोकत आत पडला होता. युनियनचं काम सुटून वर्ष झालं होतं, हे सुनीतीला तिथेच कळलं. छाती बिघडली होती.

अणिमा तिला तळ्याच्या काठी घेऊन गेली.

"मला माहीत होतं तू येशील," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज येईल. तू येत नव्हतीस त्याचाच राग यायचा."

"दोनदा आले. तू मागच्या दाराने गेलीस."

"मग काय करू? तुझ्यासमोर उभी राहून खोटं बोलू? बघितलंस ना घरात?" तिचा आवाज चढला. "तुला निदान मामा आहे. नागपूर आहे. मला कुठे जायचं, ढाक्याला?"

सुनीतीला मामींचं स्वयंपाकघर आठवलं. पण ती ते बोलली नाही. तिने पिशवीतून घडी केलेला कागद काढला. आदल्या दिवशी मजुमदारबाबूंकडे बसून तिने इंग्रजीत लिहिला होता, खाली त्यांचा शिक्का होता. 'मला फक्त पूर्ण नोकरीची भरपाई हवी. नोकरीवर हक्क मी आज किंवा पुढे सांगणार नाही, कुणामार्फतही नाही.'

अणिमाने तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तिचे ओठ हलत होते.

"हे देऊन मोकळी झालीस? मी येईन की नाही हे विचारण्याआधीच?"

"विचारलं असतं तर तू आधी भीतीने उत्तर दिलं असतंस."

"आणि आता नाही आले तर?"

"तर अडीच महिन्यांचा पगार घेईन आणि नागपूरचं तिकीट काढीन."

अणिमा कागद परत देत म्हणाली, "तू नेहमी अशीच. भूपतीबाबूंनी सांगितलं आणि केलीस दोन्हीकडे सही. कुणालाच काही विचारत नाहीस." तिने येईन म्हटलं नाही, येणार नाही असंही म्हटलं नाही. परतताना वृंदाच्या फ्रॉकच्या खिशात मुरमुरे होते. वाटभर ती एकेक काढून खात होती आणि विचारत होती, "आई, ती मावशी तुला ओरडली का?"

* * *

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चौकशी होती. अकराची वेळ. कंपनीचे साहेब दोन कार्डं घेऊन आले होते. साडेअकरा झाले. मजुमदारबाबूंनी पान लावलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा फाईल चाळली. सुनीती दाराकडे पाहायचं नाही असं ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसली.

बाराला दहा कमी असताना अणिमा आत आली. कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, धापा टाकत. रंगाचा वास तिच्याबरोबर आला, आणि तो वास आपल्याला इतका जवळचा वाटेल असं सुनीतीला कधी वाटलं नव्हतं.

"तुम्ही यांना ओळखता?" मजुमदारबाबूंनी विचारलं.

"हो."

"काय नावाने?"

अणिमाने एकदा साहेबांकडे पाहिलं. मग टेबलाच्या कडेकडे पाहत, पाठ केल्यासारखं सांगितलं. अठ्ठेचाळीसमध्ये मी लागले तेव्हा या प्रेमलता सबनीस म्हणून तिथे होत्या. लग्नाच्या रजेवरून परतल्या तेव्हा बडबाबूंनी दोन कागदांवर सह्या घेतल्या. मी तिथे होते. संदेश मी आणले होते. किती आणले होते तेही तिने सांगितलं. आठ.

"आठ?" साहेब लिहिता लिहिता थांबले.

"चार जाणारीचे, चार येणारीचे," अणिमा म्हणाली. "खाणारी माणसं तीच होती."

साहेबांना हसू आलं. त्यांनी दोन्ही कार्डं एकावर एक ठेवून टाचणी लावली. कंपनीला नोकरी परत द्यावी लागणार नव्हती, मग अडीच महिन्यांच्या पगारासाठी भांडण्यात त्यांना रस उरला नव्हता. पावतीवर मात्र दोन्ही नावांनी सही लागेल, ते म्हणाले. सुनीतीने आधी टिपणीस केली. मग सबनीस करायला घेतली तेव्हा 'प्रे'ची मात्रा देऊन हात थबकला. ही सही इंग्रजीत करायची होती. तिने ती खोडून पुन्हा केली.

दोघी ट्रामच्या थांब्यापर्यंत बरोबर चालत गेल्या. अणिमाला कारखान्यात परत जायचं होतं. खिदिरपूरची ट्राम आधी आली.

"तुझ्या टेबलावर आता चिठ्ठ्यांची खोकी ठेवलीत," अणिमा म्हणाली. "एकटीच असते मी."

"भावाला औषध देतेस ना वेळेवर?"

"देते." ट्रामच्या दांड्याला धरून ती पायरीवर चढली. सुनीती वाट पाहत उभी होती. आपण कशाची वाट पाहतोय हे तिला नीट माहीत होतं. अणिमा वळली. तोंड उघडलं, मिटलं. "येते हं," एवढंच ती म्हणाली. कुठलंच नाव न घेता. ट्राम सुटली.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला सुनीती टायपिंगच्या वर्गात नाव घालायला गेली. जिन्याखालच्या खोलीत एक पोक्त बंगाली बाई फॉर्म देत होत्या. आतून चाळीसेक यंत्रांचा एकच कडकडाट येत होता. फॉर्मवर पहिली ओळ नावाची होती. सुनीती पेन धरून उभी राहिली, मागे रांग वाढत गेली.

"लिहा ना," बाई म्हणाल्या. "काय अडलं?"

"एकच नाव पुरे ना?"

बाईंनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. "का? किती आहेत तुमच्याकडे?"

सुनीतीने 'सुनीती टिपणीस' लिहिलं, कारण वृंदाला जूनमध्ये शाळेत घालायचं होतं आणि तिथे आईचं नाव हेच लागणार होतं. मग खालच्या ओळीत, कुणी विचारलेलं नसताना, छोट्या अक्षरात लिहिलं, 'आधीची प्रेमलता सबनीस'.

बाईंनी ते वाचलं, पेन उचललं, आणि फॉर्मवर ही माहिती लागत नाही असं म्हणत खालच्या ओळीवर एक सरळ रेघ ओढली.